‘शोले’चा पहिला प्रसंग

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याने निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरांवर रामनगर लागते. उघड्याबोडक्या खडकांच्या या मुलखात १९७३ साली कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी एक अख्खे खेडे वसविले. रामनगरच्या अंगणातले हे रामगड पुढे साऱ्या देशाच्या ओळखीचे झाले. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील संवादांची ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजली आणि गब्बरसिंग मुलांनाही पाठ झाला. परंतु ज्या पहिल्या प्रसंगात गब्बर दिसतच नाही, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रसंग तसा साधा आहे. एका आडवळणाच्या स्थानकात आगगाडी थांबते. गणवेशातील एक अधिकारी खाली उतरतो. त्याला न्यावयास आलेला रामलाल घोडे घेऊन उभा असतो. दोघे निघतात आणि पडद्यावर श्रेयनामावली सुरू होते. संवाद नाही, राहुलदेव बर्मन यांचे संगीत आणि डोंगरांतून चाललेले दोन स्वार, एवढेच. नामावली म्हणजे प्रेक्षकांनी जागा शोधण्याचा वेळ, अशी आपल्याकडील समजूत. येथे मात्र त्या वेळात कथेचे अर्धे काम उरकलेले असते. आगगाडी ही सरकारची. तिचे रूळ जेथे संपतात तेथे सरकारचा हातही आखडतो, आणि कायद्याच्या माणसाला दुसऱ्याच्या घोड्यावर बसून पुढे जावे लागते. द्वारका दिवेचा यांचा कॅमेरा या स्वारांना विशाल खडकांपुढे लहान करून दाखवितो. ज्या मुलखात पुढे दरोडेखोर राज्य करणार आहे, तो मुलूख प्रेक्षकाने असा आधीच पाहून ठेवलेला असतो.

मग ठाकूर बलदेवसिंग भेटतो. निवृत्त पोलीस अधिकारी, अंगावर शाल. त्याला जय आणि वीरू हे दोन गुन्हेगार हवे आहेत. संजीवकुमारांचा चेहरा आणि आवाज प्रेक्षकाला असे बांधून ठेवतात की शालीखाली काय आहे, किंबहुना काय नाही, हा प्रश्न सुचतच नाही. लगेच कथा भूतकाळात शिरते. धावत्या गाडीवर दरोडेखोर तुटून पडतात आणि तोच ठाकूर गणवेशात, दोन्ही हातांनिशी लढताना दिसतो. शाल आणि हात यांची ही जोडणी पटकथेत सलीम-जावेद यांनी योजिली व संकलक माधव शिंदे यांनी ती पडद्यावर बेमालूम साधली. ठाकुराचे हात प्रेक्षकाने नुकतेच पाहिलेले असतात. ते आता नाहीत अशी शंका त्याला कोठून यावी? या चित्रपटाला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक लाभले, ते शिंदे यांच्या संकलनाला. पारितोषिके देणाऱ्यांची दृष्टी इतरत्र कशीही असो, येथे ती चुकली नाही.

सत्य उमगल्यावर चित्रपट पुन्हा पाहणाऱ्याला हा आरंभ निराळाच भासतो. आदब वाटली होती ती असहायता ठरते. आणि एक बोचरा प्रश्न उरतो: ज्याने आयुष्यभर कायदा राबविला, त्याने सूडासाठी गुन्हेगार भाड्याने घ्यावेत काय?

या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी एक चित्रित केले आणि प्रेक्षकांना दुसरे मिळाले. मूळ शेवटी ठाकूर खिळे मारलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. ते आणीबाणीचे दिवस होते. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे सेन्सॉरला रुचले नाही, आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट जोडावा लागला. जुना शेवट असलेली जीर्णोद्धारित प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखविली गेली.

दोन्ही प्रतींत आगगाडी तीच, घोडे तेच. १९७५ च्या प्रतीत आरंभी गाडीतून उतरलेला गणवेश शेवटी परत येतो आणि ठाकुराला थांबवितो. मूळ प्रतीत तो येत नाही. रामलालच्या घोड्यावर बसून कायदा ठाकुराच्या दारी गेला होता; तेथून तो परतलेला दिसत नाही.