नाममुद्रा राहू द्या



एक जानेवारीला आपण नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवतो. त्याच मध्यरात्री आणखी एक गोष्ट घडते, पण तिची बातमी सहसा होत नाही. ज्या भारतीय लेखकांच्या निधनाला सरत्या वर्षात साठ वर्षं झाली, त्यांचं लेखन त्या क्षणी मोकळं होतं. कोणीही ते छापावं, ध्वनिमुद्रित करावं, त्याचं भाषांतर करावं, त्यावर नाटक बसवावं. कोणाची परवानगी नको, कोणाला मानधन नको. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यामुळे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांची झाली. आज पुस्तकांच्या दुकानात तिच्या वेगवेगळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्या शेजारी शेजारी दिसतात त्या त्यामुळेच. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांची पाळी १ जानेवारी २०३० ला येईल.

ही साठ वर्षं आली कुठून? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मूळ मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले. म्हणजे १९९१ साल संपताच त्यांच्या साहित्यावरचा, त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारतीचा हक्क संपणार होता. तो संपू नये अशी मागणी झाली, वटहुकूम निघाला, १९९२ साली कायदा दुरुस्त झाला आणि पन्नासाची साठ झाली. एका कवीसाठी दिलेली ही वाढ देशातल्या सगळ्या भाषांना लागू झाली. आपले भा. रा. तांबे त्याच वर्षी, डिसेंबर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या कविता १९९२ च्या एक जानेवारीला मोकळ्या व्हायच्या, त्या २००२ ला झाल्या. तांब्यांसाठी कोणी वटहुकूम मागितला होता असं काही माझ्या वाचनात नाही.

विश्वभारतीला त्या दहा वर्षांत चार पैसे मिळाले असतील. पण सर्वसाधारण मराठी पुस्तकाचं काय होतं? लेखक गेल्यावर दहा-पंधरा वर्षांत ते बाजारातून जातं. प्रकाशन संस्था बंद पडते. वारसांतला एक ठाण्यात, दुसरा टोरांटोत, आणि आपल्याकडे असा काही हक्क आहे याचा दोघांनाही पत्ता नसतो. एखाद्या हौशी माणसाला ते पुस्तक पुन्हा काढायचं असेल, तर विचारायचं कोणाला? मग पुस्तक निघत नाही. कुलूप आहे, किल्ली हरवली आहे आणि आत कोणी राहतही नाही, अशी ही घरं आहेत.

आता दुसरी बाजू. ज्ञान फुकट असावं असं म्हणणाऱ्यांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण ठेवावी. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड त्यांनी काढले, ते सरकारी तिजोरीतून किंवा एखाद्या संस्थानिकाच्या कृपेवर नव्हे. त्यांनी रीतसर मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले. भागधारक आणि ग्राहक गाठण्यासाठी पायपीट केली. एका विद्वानानं कोश लिहायचा आणि तो विकायलाही हिंडायचं, याची त्या काळी कुचेष्टाही झाली असेल. पण त्या विक्रीवरच लेखनिक, सहसंपादक आणि छापखाना चालला. केतकर १९३७ साली गेले. आज तो सबंध कोश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं तो उपलब्ध करून दिला आहे. मला हा क्रम योग्य वाटतो. आधी कष्टाचं मोल मिळावं, मग मोकळीक यावी. वाद आहे तो मधलं अंतर किती असावं याचा, आणि साठ वर्षं हे अंतर मला फार वाटतं.

पण मराठीतलं फार मोठं धन या हिशेबातच बसत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातले पितांबर चौधरी ते उतरवून घेत. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्या सरळ हिशेबानं गाणी २०१३ पासून मोकळी आहेत. त्याच पुस्तकाची प्रस्तावना अत्र्यांची आहे, ती मात्र २०३० पर्यंत बंद! एकाच पुठ्ठ्याच्या आत गाणी सगळ्यांची आणि प्रस्तावना वारसांची.

बहिणाबाईंना निदान सोपानदेव मिळाले. बाकीच्या जात्यांवरच्या बायकांना कोण होतं? पुण्यात गी पोइतव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी १९८० च्या दशकापासून त्यांची गाणी उतरवून घेण्याचं काम हाती घेतलं. मुळशीसारख्या डोंगरी भागापासून सुरुवात करून हजारावर गावांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, काही ध्वनिमुद्रितही केल्या. गी आणि हेमाताई दोघंही आज नाहीत. हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतो आहे. त्यातली एखादी ओवी उघडून बघा. ओवीखाली गाणारणीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. पुष्कळदा तिची जात, तिला मुलं किती, ती काय काम करते, हेही असतं. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं लिहून मोकळं होणं किती सोपं होतं! ती ओवी तिनं रचलेली नसेल, आईकडून आली असेल, आईकडे आजीकडून. मालकी कोणाची हे कोणतंच न्यायालय सांगू शकणार नाही. पण त्या दिवशी, त्या गावात, ती कोणी गायली, हे नोंदवता येतं. संग्राहकांनी ते नोंदवलं, आणि माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आपल्या संतांनी हे फार आधी करून ठेवलं होतं. अभंगावर कोणाचा हक्क नव्हता. कोणीही तो लिहून घ्यावा, कीर्तनात घ्यावा, दिंडीत गावा. मानधनाचा प्रश्नच नव्हता. पण शेवटच्या चरणात नाममुद्रा असे. तुकोबांची, नामदेवांची, जनाबाईंची, चोखोबांची. गाणाऱ्याला अभंग घ्यायचा तर नावासकट घ्यावा लागे, कारण नाव काढलं की चरण मोडतो, वृत्तच लंगडं पडतं. अशी तांत्रिक सोय आजच्या कोणत्याही कंपनीला जमलेली नाही. अर्थात त्यातही लबाडी झालीच. स्वतःची रचना तुकोबांच्या नावावर खपवणारे पुष्कळ निघाले, आणि गाथेतले प्रक्षिप्त अभंग कोणते यावर अभ्यासक अजून भांडतात. छापखान्याच्या काळात मजकूर चोरून आपलं नाव लावतात, त्या काळी आपला मजकूर घालून दुसऱ्याचं नाव लावत.

आपण आता ज्या काळात शिरतो आहोत, त्यात दोन्ही प्रकार एकदम चालतील. लिहिणारी, बोलणारी, प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रं आली आहेत. ती शिकतात माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर. कोट्यवधी पानं त्यांच्या पोटात जातात, आणि बाहेर येतं ते बिननावाचं. वृत्तसंस्था एएनआयनं २०२४ साली ओपनएआय कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो याच प्रश्नावर. आमच्या बातम्या न विचारता यंत्राला का शिकवल्या? पैशांचा हिशेब न्यायालयं करतील. मला काळजी आहे ती वेगळी. यंत्राला विचारून कोणी शेतीची माहिती घेईल, औषधाची घेईल, एखादी ओवीही मागेल. ते सांगेल. पण ती ओवी मुळशीच्या कोणत्या बाईनं गायली, हे मधल्यामध्ये गळून पडेल.

यावर काही जण म्हणतात, मग मराठी मजकूर या यंत्रांना देऊच नका. हा मार्ग मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त होते. इतक्या लोकांशी उद्या यंत्रं बोलणारच आहेत. त्यांना चांगलं मराठी दिलं नाही, तर ती इंग्रजीवरून बेतलेलं मराठी बोलतील, आणि तेच आपल्या नातवंडांच्या कानावर पडेल.

पण द्यायचं म्हटलं तरी देण्याजोगा मजकूर आहे कुठे? इथे एक अगदी घरचं दुखणं आहे. १९९० च्या आसपास आपल्याकडे संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली, आणि जो तो कंपनीवाला आपापले फॉण्ट घेऊन आला. या फॉण्टच्या आत ‘क’ हा ‘क’ नसे. एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असे, आणि प्रत्येक कंपनीची जागा वेगळी. शिवाय सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या पाठीमागे बोटाएवढं डोंगल लावावं लागे. डीटीपीवाले त्याला ‘लॉक’ म्हणत. डोंगल हरवलं, कंपनी बुडाली, की त्या फायली मुक्या झाल्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकाची फाइल आज उघडून बघा. पडद्यावर टिंबं नि टोप्या घातलेली रोमन अक्षरं सांडलेली दिसतात. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक संकेतांत, आणता येतात, पण रफार भलत्याच अक्षरावर चढतो, ‘दऱ्या’ हा ‘दर्या’ होतो, डोंगरातली वाट समुद्रात जाते. मग कोणालातरी ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. लेखकाचा हक्क कायद्यानं साठ वर्षांनी संपतो, पण असल्या कुलपाला मुदतच नसते.

उलटीही उदाहरणं आहेत. ‘लोहित’ हा देवनागरी टंक कोणालाही वापरायला, बदलायला मोकळा आहे, आणि त्याची जोपासना वर्षानुवर्षं पुण्यात बसलेल्या, रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्यांनी केली. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक तसेच खुले आहेत. तुमच्या गल्लीतल्या कितीतरी फलकांवर, लग्नपत्रिकांवर ‘बलू’ची गुबगुबीत अक्षरं तुम्ही रोज बघता. टंक फुकट दिला म्हणून त्यांचं नाव गेलं नाही. विकिपीडियाचा परवाना हेच सांगतो. घ्या, वापरा, विका सुद्धा, पण कोणाकडून घेतलं ते लिहा आणि पुढच्यालाही याच अटीवर द्या. आपल्या कायद्याचं ५७ वं कलमही वेगळं सांगत नाही. लेखकानं हक्क विकून टाकला तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांकडून मजकुराच्या भाड्याआधी मागायचं ते हे. जिथे मूळ ठाऊक आहे, तिथे मूळ सांगा. ते अवघड आहे हे मला मान्य आहे. पण अशक्य आहे असं ज्या कंपन्या म्हणतात, त्यांनी त्याहून अवघड कामं केलेली आहेत.

आपल्या हातातली कामं मात्र अवघड नाहीत. कायद्याच्या २१ व्या कलमानुसार लेखक आपला हक्क कॉपीराइट निबंधकाला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन हयातीतच सोडू शकतो. पूर्ण सोडायचा नसेल, तर नाव राखून खुला परवाना देता येतो. आईवडिलांची पुस्तकं ज्यांच्या माळ्यावर पडून आहेत, त्या वारसांनाही असा परवाना देता येईल. प्रकाशकांनी जुन्या फायली डोंगल चालू आहे तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. साठ वर्षं मोजायची तर लेखक कधी गेला हे कळावं लागतं. मोठ्यांच्या तारखा सापडतात. पण तालुक्याच्या गावी बसून शेतीवर, वैद्यकावर, स्थानिक इतिहासावर लिहून गेलेल्या शेकडो शिक्षकांच्या, वैद्यांच्या, कारकुनांच्या तारखा कुठेच नाहीत, आणि तेवढ्यासाठी त्यांची पुस्तकं अडून बसली आहेत. तुमच्या गावात, तुमच्या नात्यात असा कोणी लेखक होऊन गेला असेल, तर त्याचं पूर्ण नाव, पुस्तकांची नावं आणि निधनाचं साल एका कागदावर लिहा आणि गावच्या वाचनालयात नेऊन द्या. मराठी विकिपीडियावर स्वतः नोंदवता आलं तर फारच उत्तम.