खान्देशच्या उजेडात चालणारा कॅमेरा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

चाळीसगावला रेल्वे स्टेशनाजवळ एक जुना बंगला आहे. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे सगळ्यांचे केकी मूस, इथे राहत. 1912 साली मुंबईच्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडात कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे घराचा उंबरठा त्यांनी क्वचितच ओलांडला. 31 डिसेंबर 1989 रोजी ते गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी काढलेली कितीतरी छायाचित्रे एका टेबलावर घडली. टेबल-टॉप फोटोग्राफी असे त्या प्रकाराला म्हणतात. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि त्यांच्यावर उजेड असा पाडायचा, की पाहणाऱ्याला तिथे एखादा मुलूख दिसू लागावा. आज त्या घरात त्यांचे संग्रहालय आहे. जळगाव-धुळ्यातून कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाने दुकानाची पायरी चढण्याआधी एक दुपार तिथे घालवावी.

दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती मेगापिक्सेल? मूसांच्या घरातून बाहेर पडणाऱ्याच्या मनात दुसराच प्रश्न असेल: माझ्या घरात, माझ्या शेतात, माझ्या गल्लीत उजेड कसा असतो? रोजच्या वापराचा कॅमेरा या दुसऱ्या प्रश्नावरून निवडावा, एवढेच आजच्या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

खान्देशातला उजेड दोन टोकांचा. वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो आणि बाराच्या उन्हात पांढरी भिंत डोळ्यांनी बघवत नाही. त्याच वेळी घरात दारे-खिडक्या लावून अंधार केलेला असतो. याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. माहेरी आलेल्या मुलींचा झोका निंबाला बांधलेला असतो; पानांतून कवडसे पडतात, खाली गर्द सावली आणि मागे रखरखीत ऊन. पुढे श्रावणात कानबाई देवी बसते. रात्रभर गाणी, मांडवात एखादा बल्ब आणि समईची ज्योत. आणि चुलीवर खापर ठेवून हातावर मांडा फिरवणारी घरातली म्हातारी माणसे! त्यांच्या चेहऱ्यावर पडणारा जाळाचा उजेड टिपता आला नाही, तर तो कॅमेरा खान्देशात घेऊन काय करायचा?

मेगापिक्सेलचा विषय इथेच संपवून टाकू. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो. उत्तम छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 13 बाय 10 इंचांचा स्वच्छ फोटो निघतो. बैठकीतल्या भिंतीवरच्या बहुतेक फ्रेमा त्याहून लहान असतात. आज बाजारात मिळणारा कोणताही बरा कॅमेरा याबाबतीत पुरून उरतो.

खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकारामुळे. फिल्मच्या जागी बसलेली ही चकती जितकी मोठी, तितका जास्त उजेड तिच्यावर जमा होतो; पावसात अंगणात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, तसेच हे. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत बहुधा 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे जेमतेम 28 चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे 116 चौरस मिलिमीटरचा, पहिल्याच्या चौपट. (त्यात एक इंच कुठेच नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यांत पूर्वी काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले हे नाव आहे. गिऱ्हाइकाने त्यावर न जाता मिलिमीटर विचारावेत.) त्याच्याही वर एपीएस-सी हा आकार आहे, सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, ‘एक इंची’च्या तिप्पट.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या महागड्या मोबाइलांतला मुख्य सेन्सर त्या 28 चौरस मिलिमीटरवाल्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे खिशात असा मोबाइल असणाऱ्याने बारीक सेन्सरचा कॅमेरा घेण्यात अर्थ नाही. अपवाद दोनच. हतनूर धरणावर किंवा मेहरूणच्या तळ्यावर हिवाळी पक्षी पाहणाऱ्याला तीसपट ऑप्टिकल झूम लागतो, तो मोबाइलात मिळत नाही. आणि ज्याचा दिवस धुळीत नि पाण्यात जातो, त्याला ऑलिम्पसने सुरू केलेल्या टीजी मालिकेसारखा बंदिस्त कॅमेरा उपयोगी पडतो. तो 15 मीटर खोल पाण्यात चालतो आणि धूळ आत घेत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पाटाच्या चिखलात फिरणाऱ्या शेतकऱ्याला फोटोच्या नजाकतीपेक्षा हा गुण मोलाचा.

बाकीच्यांसाठी कॉम्पॅक्टची खरी गोष्ट 2012 पासून सुरू होते. त्या वर्षी सोनीने आरएक्स 100 आणला. सदऱ्याच्या खिशात मावणारा, 240 ग्रॅमचा, पण आत ‘एक इंची’ सेन्सर. त्याआधी 2010 साली जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते आणि त्यांतले बहुतेक कॉम्पॅक्ट होते. मोबाइलने तो बाजार असा गिळला, की 2023 साली जगभरातले कॉम्पॅक्ट 20 लाखांच्याही आत आले. ज्यांनी सेन्सर मोठा केला, भिंग सुधारले, त्यांच्यासाठी मात्र आज गिऱ्हाईक थांबून राहते.

आता भिंगाचा आकडा. डब्यावर ‘एफ 1.8-4.9’ असे छापलेले असते. दुकानदार पहिला आकडा मोठ्याने वाचतो. गिऱ्हाइकाने दुसरा वाचावा. पहिला आकडा झूम न करता लागू असतो, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे दार मोठे. पहिल्या आरएक्स 100 मध्ये झूम ताणला, की दार 4.9 वर येते. कॅननच्या 2019 च्या जी 7 एक्स मार्क 3 मध्ये जवळपास तेवढाच झूम करूनही ते 2.8 वर थांबते. वर्गाचा हिशेब केला, तर दुसऱ्यात तिप्पट उजेड आत येतो. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, चुलीपाशी बसलेल्या आजीला न दचकवता तिचा चेहरा घ्यायचा, तर झूम ताणावाच लागतो. नेमक्या त्या क्षणी ही तिप्पट कामाला येते.

फ्लॅश मारावा, असे कुणी म्हणेल. फ्लॅशने जाळाचा तांबूस उजेड पुसला जातो आणि आजी ओळखपत्रावरच्या फोटोसारखी दिसते. शिवाय जिथे जळगावकर पाहुण्यांना हमखास नेतात, त्या अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे, आणि ती योग्य आहे. अजिंठ्याचा आणि फोटोग्राफीचा संबंध आपल्या भुसावळपर्यंत येतो. मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिल यांच्यावर 1844 मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचे काम सोपवले गेले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले होते; 1864 मध्ये त्यांच्या शंभर स्टिरिओस्कोपिक छायाचित्रांचे पुस्तक निघाले, ते टिकले. 1879 मध्ये गिल वारले आणि त्यांचे दफन भुसावळला झाले. त्यांच्या काळात काचेवर रसायन माखून फोटो घ्यावा लागे, आणि तो लेण्याच्या अंधारात घ्यायचा. आज सोळाव्या लेण्यात उभे राहणाऱ्याला मोठा सेन्सर, उघडे भिंग आणि हाताचा कंप सावरणारी यंत्रणा एवढे मिळाले, तर तिपाईवाचून काम होते.

प्रस्तुत वक्त्याची आवड विचाराल, तर रिको जीआर 3. वजन 257 ग्रॅम, सेन्सर एपीएस-सी आणि झूम अजिबात नाही. भिंग एकच, 28 मिलिमीटरच्या तोडीचे. माणूस जवळ हवा असेल, तर आपणच दोन पावले पुढे जायचे. कानबाईच्या मांडवात, जिथे भिंतीला पाठ टेकूनही जागा पुरत नाही, तिथे ही रुंद नजर बरोबर बसते. फुजीची एक्स 100 मालिका याच विचाराची, पण तिच्यात डोळा लावायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असतो. जीआर 3 आणि जी 7 एक्स मार्क 3 या दोघांतही तो नाही.

आणि खान्देशात हे उणे लहान नाही. मे महिन्यात लळिंगच्या किल्ल्यावर दुपारी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा पाहावा: आपलाच चेहरा त्यात दिसतो, फोटो दिसत नाही. सोनीच्या आरएक्स 100 मालिकेत 2014 पासून वर उचलता येणारा छोटा व्ह्यूफाइंडर आला. ज्यांचे फिरणे उन्हातले आहे, त्यांनी त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

उन्हाचा दुसरा जाच मशीनलाच होतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे तापमान 0 ते 40 अंश दिलेले असते. जळगावात एप्रिलपासूनच ही मर्यादा मोडते. म्हणून कॅमेरा बंद करून सावलीत ठेवायचा, गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही; लिथियमची बॅटरी उष्णतेने फुगते. या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी एका चार्जिंगवर दोनशे ते तीनशे फोटोंपर्यंतच पुरते, तेव्हा लग्नघरात दुसरी बॅटरी हवीच. धुळीचेही तसेच. आत-बाहेर होणारे भिंग दर वेळी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ.

धुळ्यात या कॅमेऱ्याचे एक काम मुद्दाम सांगण्याजोगे आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा ठेवा आहे. पण जुने कागद केवळ संस्थांत नसतात. घरोघरच्या फडताळांत मोडीतले दस्त आहेत, जावयाला लिहिलेली पत्रे आहेत, वाटणीपत्रे आहेत. त्यांचे फोटो घ्यायला रोजचा कॅमेरा पुरतो. कागद खिडकीच्या बाजूच्या उजेडात सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा, झूम थोडा ताणून घ्यावा. अगदी रुंद भिंगाने जवळून घेतले, तर कागदाच्या कडा वाकड्या दिसतात. हे काम कुणीतरी याच उन्हाळ्यात करावे. वाळवी सवड देत नाही.

राहिली खरेदी. नवा परवडत नसेल, तर वापरलेला घ्यायला लाजू नये. पहिला आरएक्स 100 आजही जातिवंत फोटो काढतो. फक्त पारखून घ्यावा. भिंग बाहेर येताना अडखळते का, ते पाहावे. एफचा आकडा 11 च्या आसपास ठेवून निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असेल, तर काळसर ठिपके उमटतात. बॅटरी टेबलावर ठेवून बोटाने फिरवून पाहावी. भोवऱ्यासारखी फिरली, तर ती फुगलेली आहे.

नवा असो वा जुना, जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर जाताना स्वतःचे मेमरी कार्ड खिशात असावे आणि वेळ भर दुपारची असावी. दुकानदाराच्या परवानगीने तीन फोटो घ्यावेत. पहिला दारात उभ्या असलेल्या माणसाचा, मागे उन्हातला रस्ता घेऊन. दुसरा बाहेर येऊन, उन्हात पडदा दिसतो का हे पाहत. तिसरा दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या फळीचा, झूम पूर्ण ताणून, फ्लॅशशिवाय. कार्ड घेऊन घरी यावे आणि तो तिसरा फोटो मोठ्या पडद्यावर उघडावा. फळीवरच्या डब्याचे नाव वाचता आले, तर दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जावे.