गादी नव्हे, पद
(केंद्र-संमेलनात शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला की वर्गातील एखादे मूल विचारते, "गुरुजी, आता राजा कोण झाला?" ह्यात मुलाचा दोष नाही. त्याने ६ जून १६७४ रोजीच्या रायगडावरील राज्याभिषेकाची हकीकत ऐकलेली असते. आणि आपणही बोलण्याच्या ओघात 'अमुक गादीवर बसले' असे म्हणून जातो. तो राज्याभिषेक आपल्या अभिमानाचा विषय आहेच. परंतु लोकराज्यातील पद ही निराळी वस्तू आहे, हे मुलांस प्राथमिक शाळेतच उमगले पाहिजे.

आरंभ मतापासून करावा. अठरा वर्षे पूर्ण झालेले गावातील स्त्रीपुरुष लोकसभेसाठी मत देतात. जागा ५४३. निम्म्याहून अधिक म्हणजे किती, हे उदाहरण मुलांकडूनच फळ्यावर सोडवून घ्यावे. २७२ हे उत्तर मग ती विसरणार नाहीत. लोकसभेच्या बहुमताचा विश्वास ज्यांस लाभेल, अशा व्यक्तीस राष्ट्रपती पंतप्रधान नेमतात.

त्यानंतर शपथ. पंतप्रधान राष्ट्रपतींसमोर पदाची व गोपनीयतेची अशा दोन शपथा घेतात. स्वतः राष्ट्रपतींनाही पदग्रहणाच्या वेळी भारताचे सरन्यायाधीश शपथ देतात. ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, ही मोकळीक प्रत्येकास आहे. संविधान पाळण्याचे बंधन मात्र सर्वांस सारखेच. राजाच्या मस्तकी मुकुट चढतो. येथे पद घेणारा प्रथम वचनाने बांधला जातो.

पद घेणे मुलांस सहज कळते, पद सोडणे मुद्दाम शिकवावे लागते. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू निवर्तले; त्याच दिवशी गुलझारीलाल नंदा ह्यांनी शपथ घेतली आणि ९ जून रोजी लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. शोक मोठा होता, तरी पद रिकामे राहिले नाही. १९७७ साली निवडणुकीत पराभव होताच इंदिरा गांधींनी राजीनामा दिला व २४ मार्च रोजी मोरारजी देसाई ह्यांचा शपथविधी झाला. त्यासाठी तलवार उपसावी लागली नाही, हे मुलांस आवर्जून सांगावे.

आता शाळेतील पाठ. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी. गुरुजींनी गावातील वजनदार घरचे मूल आधीच योजून ठेवले, तर वरील सारे शिकवणे फोल ठरेल. मजुराची मुलगी निवडून आली, तर तिलाच शपथ द्यावी. जुन्या मुख्यमंत्र्याने पेटीची किल्ली व नोंदवही सर्वांदेखत नव्याच्या हाती द्यावी. ती हसतमुखाने देणाऱ्या मुलास पद म्हणजे काय ते समजले, असे खुशाल मानावे.

प्रत्येक शाळेने हा उपक्रम पहिल्या सत्रातच पार पाडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.