माय, पुडीचा कागद आणि दाखल-खारीज

(वणी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या अभ्यासिकेत केलेलं भाषण)



मला भाषण येत नाही. गोदीत ओरडणं येतं. क्रेनच्या आवाजात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, तेव्हा आवाज चढला तर समजून घ्या. कविता करतो म्हणून बोलावलंत, पण आज कविता नाही. आज माझ्या लहान भावावर बोलायचं आहे. तो मागं दाराजवळ बसलाय. त्यानं शाळा सोडलीय.

२०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत होता. शाळा म्हणे मोबाइलवर सुरू झाली. आमच्या घरात मोबाइल एक, तो बाच्या खिशात, आणि बा कोळशाच्या सायडिंगवर. पोट्टा घरीच राहिला. पुढं शाळा उघडली, हा गेला, पण मन गेलं नाही. आता एका दुकानात बसून मोबाइल दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ पाहून, खोलून, बिघडवून, परत जोडून शिकला. बा म्हणतो, "काहून पाहिजे शाळा? पोट्टं आपल्या आपण शिकून रायलं ना!"

या एका वाक्याशी भांडायला मी मुंबईहून खाडा करून आलोय. भांडण सोपं नाही मित्रहो, कारण बाचं निम्मं खरं आहे.

दादरला एका वाचनालयात मी सुट्टीच्या दिवशी जातो. तिथं एक जोडपं भेटलं. मुलाला शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. त्यांनीच सांगितलं, १९७१ साली इव्हान इलिच नावाच्या माणसानं समाजच शाळेपासून मोकळा करा, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. १९७७ साली अमेरिकेत जॉन होल्टनं घरी शिकवणाऱ्या आईबापांसाठी नियतकालिक काढलं. मूल भीतीनं शिकत नाही, कुतूहलानं शिकतं, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. न पटायला काय झालं? मी तसाच शिकलो.

माझी माय निरक्षर. कापूस वेचून यायची, चूल पेटवायची आणि किराण्याच्या पुडीचा कागद माझ्या हातात द्यायची. वाच. मी वाचायचो. अडलं की मनचं ठोकून द्यायचो. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा हातात. दोन दिवसांचं वाचन जुळलं नाही की म्हणायची, "काल त दुसरंच वाचलं होतं बे तू! पुन्हा वाच." अक्षर न येणारी बाई माझी चोरी पकडायची. एवढी कडक परीक्षा पुढं बोर्डानंसुद्धा घेतली नाही.

शाळेचं सांगू? कुठली ते सांगत नाही. तिथं झाडू मारायच्या पाळीत आमच्याच वस्तीतली नावं यायची. आठवीत मी सोडली. गोदीत कंत्राटी लागलो. स्टीलच्या कॉइलवर, खोक्यांवर छापलेलं वाचत इंग्रजी अक्षरं घट्ट केली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून विसाव्या वर्षी दहावी झालो. म्हणजे मीही स्वयंशिक्षणवालाच. मग बाशी भांडतो कशाला?

आपला इतिहास बघा. सावित्रीबाईंना अक्षरओळख कुठं झाली? शाळेत नाही, घरी, जोतिबांकडून. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मास्तर होते. परळच्या चाळीत एकच खोली. बाप स्वतः जागा राहायचा आणि रात्री दोन वाजता भीमाला अभ्यासाला उठवायचा. तर्खडकरांच्या भाषांतराच्या पुस्तकांवरून इंग्रजी घोटून घ्यायचा. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जायचा, त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणायचा. अण्णाभाऊ साठे शाळेत गेले दीड दिवस. वाटेगावाहून मुंबईला चालत आले, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत वाचायला शिकले, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहिली.

तेव्हा घरी शिकणं आम्हाला अमेरिकेनं शिकवलं नाही. आमची शाळा घरीच होती, कारण दुसरीकडं दार बंद होतं.

पण पुढचं बघा. बायकोला घरी शिकवणारा हाच जोतिबा १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढं तो काय मागतो? घरोघरी शिकू द्या असं नाही मागत. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणतो. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. बा, तू कोल्हापूरला असतास तर विड्या बंद झाल्या असत्या तुझ्या! आणि रामजी सुभेदारांनी रात्री दोनला उठवलं ते सकाळी एल्फिन्स्टनमध्ये बसता यावं म्हणून. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसवलं, तरी पोराला काढून घरी नाही बसवलं. १९०७ साली पोरगा मॅट्रिक झाला.

दादरचं ते जोडपं चांगलं आहे, माझा राग त्यांच्यावर नाही. पण त्यांच्या पोरानं शाळा सोडली तर त्याचं काय जातं? आई एमए, बाप इंजिनियर, भिंतभर पुस्तकं. आमच्या पोराचं काय जातं ते ऐका.

मला जातीचा दाखला काढायचा होता. १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. आमच्याकडं ना शेत, ना सातबारा. मग कुणीतरी सांगितलं, आजाच्या गावच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर बघा. गेलो. दोन दिवस पानं उलटली. सापडलं. १९४७ साल, वर्ग पहिला, आजाचं नाव, जात महार. पुढच्या रकान्यात: गैरहजर, नाव कमी. आजा चार महिने शाळेत बसला होता. त्या चार महिन्यांवर आमच्या तीन पिढ्यांचा कागद उभा आहे. आजा घरी बसून पंडित झाला असता तरी आमच्या हाती काही लागलं नसतं.

म्हणून कुणी म्हणालं की घरी शिकणारी पोरं हुशार असतात, तर मी हो म्हणेन आणि विचारेन, दाखला कोण देणार? शिष्यवृत्ती? दुपारची खिचडी?

सरकारला तर हे घरी शिकणं फार आवडेल. शाळा चालवायचा खर्चच वाचला. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करायला निघालेच होते. कमी पटाच्या शाळा कुठं असतात? पोडावर, तांड्यावर, बेड्यावर. झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर जा. पोरगं घरी कोलामी बोलतं. ती गोंडी-तेलुगूच्या घराण्यातली भाषा, मराठीशी नातं नाही. मास्तर मराठीत नाव विचारतो, पोरगं गप्प. मास्तरला वाटतं, मंद आहे. चूक शाळेची आहे, मान्य. पण म्हणून शाळाच काढून घ्यायची?

आपला कापूस शकुंतलेनं मूर्तिजापूरला जायचा आणि पुढं मुंबईच्या गोदीत. इंग्रज कंपनीनं ती गाडी त्याच्यासाठीच घातली होती. गाठी चढवणारे हात आपले, गाठीवरची अक्षरं वाचणारा दुसरा. अजूनही गोदीत चढवणारा वेगळा आणि कागद वाचणारा वेगळा आहे, मी रोज बघतो.

या अभ्यासिकेत तुम्ही पुस्तकं जमवलीत, चांगलं केलं. पण पोट्ट्यांना इथं स्क्रूड्रायव्हर घेऊन येऊ द्या. माझ्या भावानं खोललेला मोबाइल इथंच सगळ्यांसमोर जोडावा. रात्री शाळेतलं अडलेलं इथं सोडवा. मात्र दिवसा शाळा.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. सहा ते चौदा वयाचं पोरगं मध्येच गळालेलं असलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि मागं पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवावं लागतं. टीसी नाही म्हणून परत धाडता येत नाही. नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं. लेखी मागितलं की आवाज खाली येतो, हा माझा गोदीतला अनुभव आहे.

उद्या साडेदहाला मी शाळेत जातोय. ज्यांच्या घरी असं पोट्टं बसलंय त्यांनी जन्माचा कागद असला तर घेऊन, नसला तर तसंच या. बा येतो म्हणालाय. सायडिंगची पाळी बदलून घेतलीय त्यानं.

भाऊ अजून हो म्हणालेला नाही. मघापासून मान खाली घालून कुणाचा तरी मोबाइल खोलतोय.