पुरुषांनी बाहेर थांबावे

परिषदेच्या अध्यक्ष महोदया, डॉक्टर मंडळी, आशाताई, अंगणवाडीताई आणि मागं दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले पुरुषबंधू,

शेवगावकरांच्या वतीनं तुमचं स्वागत. आज ९ तारीख नाही, हे पाहूनच आम्ही दिवस धरला. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते; त्या दिवशी मंडप घातला असता, तर यातली एकही ताई इथं दिसली नसती.

बंधूंनो, दाराजवळ का बसलात ते मला कळतं. मीही तिथंच बसलो असतो. पहिल्या खेपेला आमची मंडळी सातव्या महिन्यात माहेरी गेली. रीतच तशी. मुलगा झाल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या खेपेला ती इथंच होती. मध्यरात्री सिझर ठरलं, कागद पुढं आला, मी सही केली. मग सिस्टरनं रक्तगट विचारला. मी म्हणालो, कार्ड घरी आहे. नऊ महिने ते कार्ड खुंटीवरच्या पिशवीत होतं. मी एकदाही उघडलं नव्हतं. पण सही चालली ती माझीच!

गाडी कधी काढायची, पैसे कुणाकडून आणायचे, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे आजही बहुतेक घरांत गडीमाणूस ठरवतो. धोक्याची लक्षणं मात्र फक्त तिला सांगितलेली असतात. पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी आली, अंगावरून जायला लागलं, तर ती सांगणार कुणाला? ज्याला त्याचा अर्थ ठाऊक नाही त्याला. आणि तो दवाखान्यात आलाच, तर भिंतीवर पाटी असते: पुरुषांनी बाहेर थांबावे.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. तिथल्या गावोगावच्या आरोग्यसेविका सगळ्यांना ठाऊक आहेत. आरोळे दांपत्यानं शेतकरी मंडळंही उभी केली होती, ते कमी बोललं जातं. शेतीपाण्याच्या गप्पांना जमलेली माणसं आरोग्याच्या प्रश्नांवरही बोलू लागली. मला त्यातली युक्ती आवडते. गडीमाणसाला दवाखान्यात आणण्याआधी दवाखान्याचा विषय पारावर न्यायला हवा.

पण सगळं अज्ञानावर ढकलू नका. दिवाळीच्या सुमारास आपल्या आणि पाथर्डीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, उचलही दोघांची मिळून. फडात दोघं दिवसभर शेजारी राबतात. पोटुशी असली तरी ती मोळ्या वाहते. तपासणीला एक गेलं तर अर्धा कोयता अडला, दोघं गेली तर पुरता खाडा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. कोयत्याच्या बापाला एका दुपारची सुटी कोण देणार? म्हणून आम्ही मुकादमांनाही निमंत्रणं दिली. दोघं आलेत. त्यांना आज ऐकायला बसवू नका, बोलतं करा.

एक भीतीही सांगतो. गरोदरपणात आणि बाळंतपणात पुरुषांच्या सहभागाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली केली, ती बाईची निवड आणि तिचा अधिकार राखण्याच्या अटीवर. टांझानियात जोडीदार सोबत नाही म्हणून बायांना ताटकळत ठेवल्याचे, परत पाठवल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. तसला नियम इथं नको. घरातल्या मारहाणीचं कोणती बाई नवऱ्यादेखत सांगेल? आधी तिला एकटीला विचारा, त्याला आत बोलावू का? ती नको म्हणाली, तर तिथं ती पाटी बरोबर आहे.

जेवणाला बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. ठेचा जपून घ्या. व्यवस्थेत उणं-अधिक असेल ते पदरात घ्या. आणि मागच्या बंधूंनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. अकरानंतर दाराकडून ऊन आत येतं.