देऊळ उभे राहिले, आता माणूस उभा करू या

(कलशारोहणाच्या दिवशी रात्री, कीर्तनापूर्वी केलेले भाषण)



आज मारुतीरायाच्या देवळावर कळस चढला. कुणी वर्गणी दिली, कुणी वाळू-खडीच्या खेपा टाकल्या, कुणी श्रमदान केले. अशा मंगल प्रसंगी दारूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण समितीच्या मागच्या बैठकीत एक सूचना आली. जो पिऊन गावात फिरेल त्याच्याशी व्यवहार बंद करावा, त्याच्या घरी कुणी जाऊ नये, भंडाऱ्याच्या पंगतीला त्याला बसवू नये. या सूचनेमागची तळमळ मला कळते. तरीही ती आपण स्वीकारू नये, हे सांगायला मी उभा आहे.

मी तहसील कचेरीत कारकून आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय पाहावे, तर पस्तीस, अडतीस. कशाने गेले, असे विचारले की बाई खाली मान घालते. एके दिवशी त्या गठ्ठ्यात माझ्याच चुलत वहिनीचा अर्ज निघाला. दादा प्यायला लागला तेव्हा आम्ही भावकीने त्याच्याशी बोलणे टाकले, कार्याला बोलावणे टाकले. आम्हाला वाटले, लाज वाटून सुधारेल. तो सुधारला नाही. लपून प्यायला लागला आणि ज्यांनी त्याला जवळ केले, ते पिणारेच होते. त्या अर्जावर शिक्का मारताना माझा हात जड झाला.

माणूस जन्मतः वाईट नसतो. पहिला घोट बहुतेक वेळा फुकटचा असतो. वरातीतला, जत्रेतला, निवडणुकीतला. पुढे अंग दुखते म्हणून, कर्ज आठवते म्हणून, हाताला काम नाही म्हणून तो घेत राहतो. मग शरीरच ती मागू लागते. अशा वेळी नुसता उपदेश पुरत नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून मारुतीपुढे शपथ जरूर घ्यावी, पण त्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनी माणसाला आजारी समजून वागवतात. दारू सोडलेल्यांनी एकमेकांना धरून ठेवायचे, ही अल्कोहोलिक्स अनॉनिमसची रीत तर 1935 पासून जगभर चालत आली आहे.

देवळाचा आणि दारूबंदीचा संबंध जुना आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून परतले. त्यांनी स्वतःच्या पैशांतून यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्या पडक्या देवळाचे लाकूड दारूच्या भट्ट्यांना जळण म्हणून गेले होते, असे सांगतात. पुढे त्याच देवळातून भट्ट्या बंद करण्याचे ठरले. तिथे पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचेही आपण ऐकतो. ते मात्र घेण्यासारखे नाही. घेण्यासारखे हे, की भट्ट्या बंद झाल्या, पाणी अडवले गेले, शेती सुधारली आणि हातांना काम मिळाले.

आता कायद्याचे बोलतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा 2016 चा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे. कुणाला वाळीत टाकले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट दारूचे दुकान बंद करण्याचा रस्ता कायद्यानेच दिला आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज केला, की सह्या पडताळून गुप्त मतदान घेतले जाते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला, की दुकान बंद होते. म्हणजे माता-भगिनींनो, किल्ली तुमच्याच हाती आहे. अर्जाचा कागद लिहून द्यायला मी केव्हाही तयार आहे.

माझे मागणे तीनच आहे. वरातीत, जत्रेत आणि निवडणुकीत फुकटची बाटली कुणी वाटू नये. वाटील त्याला गावाने जाब विचारावा. ज्याला सोडायची आहे, त्याच्याबरोबर दवाखान्यात जायला भजनी मंडळातली दोन माणसे असावीत. आणि तो पुन्हा घसरला, तरी पुन्हा जावे. तिसरे, पंगतीचे दार कुणालाही बंद नसावे. पिऊन आला तर आज हात धरून घरी पोहोचवा, पण उद्या बोलावणे धाडा.

दादाला असे बोलावणे गेले असते, तर तो आज या मांडवात असता की नाही, हे मारुतीरायच जाणे. पण आम्ही ते धाडले नाही, एवढे मला माहीत आहे. तुम्ही ते धाडा, ही हात जोडून विनंती.



बोला, पवनसुत हनुमान की जय! जय हिंद, जय महाराष्ट्र!