गच्चीवरची पवनचक्की
(मंडळाच्या सभेतील भाषण)



सभागृहाच्या गच्चीवर 1 किलोवॉटची पवनचक्की बसवावी, असा प्रस्ताव गेल्या सभेत आला आणि चौकशीचे काम आमच्याकडे आले. सज्जनगडाला जाऊन आलेल्या मंडळींचे म्हणणे, ‘तिकडे एवढ्या चालतात, मग हैदराबादला का नाही?’ प्रश्न रास्त आहे.

सज्जनगडावरून पुढे ठोसेघर, चाळकेवाडीकडे गेले की पठारभर चक्क्याच चक्क्या. तसेच कोयनेच्या अंगाला वनकुसवड्याचे पठार. उंची हजार मीटरच्या वर. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून मोकळा येतो आणि सह्याद्रीचा कडा चढताना दाबला जाऊन वेग घेतो. तिथली हवा विरळ, त्यामुळे शक्ती दहाएक टक्के घटते; पण ही तूट वेग सहज भरून काढतो. कारण वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट! डिप्लोमाला आम्ही हे सूत्र नुसते पाठ केले होते, त्यातला पैशांचा अर्थ आता कळला. अर्थात तिथेही बरीचशी वीज पावसाळ्यातली. बाप्पा गावी गेले की वाराही पडतो.

आता आपली गच्ची. विक्रेत्याच्या कागदावरचा 1 किलोवॉट हा सेकंदाला 12 मीटर वाऱ्याचा आकडा आहे. आपण 4 मीटर धरू. वेग एक तृतीयांश, म्हणजे शक्ती सत्ताविसावा भाग, फक्त 37 वॉट. असा वारा चोवीस तास अखंड वाहिला तरी दिवसाला एक युनिट भरत नाही. 3 मीटरच्या खाली तर बहुतेक चक्क्या वीज देतच नाहीत. शिवाय आजूबाजूच्या अपार्टमेंटांना आपटून वारा भोवरे घेत येतो, ते वेगळेच. अनंतपूर, कर्नूलकडे चक्क्या आहेत, पण त्या उघड्या टेकड्यांवर, उंच खांबांवर.

देणगीदारांनी वडिलांच्या स्मरणार्थ रक्कम देऊ केली आहे. वर काहीतरी फिरताना दिसावे, एवढ्यासाठी ती खर्च होऊ नये, असे आम्हाला वाटते. तेवढ्याच क्षमतेचे सौर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी 4 युनिट देते. दोन अंदाजपत्रके सचिवांकडे दिली आहेत. पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठे पडते, तेवढे येत्या रविवारी पाहू.